मोती आणि चंपा : उतारवयातली जोडी घरी आणताना

मोतीला दिसत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत त्या दोघांच्या लक्षातच आले नाही. पुण्याच्या हद्दीबाहेरच्या एका प्राणी निवारा केंद्रात हे निवृत्त दाम्पत्य ‘एखादा शांत, वयस्क कुत्रा’ पाहायला गेले होते. पांढरा, झुपकेदार शेपटीचा तो पॉमेरेनियन अंगणात व्यवस्थित फिरत होता, पाण्याच्या भांड्यापाशी थांबत होता, पायरीही चुकवत नव्हता. मात्र त्याचा उजवा खांदा सतत एका तांबूस गावठी कुत्रीच्या बरगडीला टेकलेला होता. ती थांबली की हा थांबे, ती वळली की हा वळे. केंद्रातल्या मुलीने तिला बिस्किट दाखवून बाजूला नेले, तेव्हा मोती जागच्या जागी उभा राहिला आणि मग हळूहळू स्वतःभोवतीच गोल फिरू लागला.

“काकू, हा एकटा हवा असेल तर आम्ही देत नाही,” ती मुलगी म्हणाली. “एकदा दिला होता. दोन दिवसांत परत आणावा लागला. त्याला पाणी सापडेना आणि इथे हिने खाणं सोडलं.”

या दोघांचा मालक एकटा राहणारा वृद्ध गृहस्थ होता. तो गेल्यावर फ्लॅट विकायचा ठरला आणि नातेवाइकांनी कुत्री केंद्रात आणून सोडली. चार महिन्यांत तीन कुटुंबांनी मोतीची चौकशी केली. चंपाची कोणीच केली नाही. गावठी, तांबडी, नऊ वर्षांची कुत्री आपल्याकडे सहसा कोणी मागत नाही. मागणी असते ती पिलांना, त्यातही नर पिलांना.

बाई निवृत्त शिक्षिका, वय ६६. यजमान बँकेतून निवृत्त, वय ६९. बाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, यजमानांना हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. “अहो, एक झेपेल की नाही याचा विचार करत आलो आणि आता दोन?” एवढेच बाई म्हणाल्या. निर्णयाला त्यांनी तीन आठवडे घेतले. ते तीन आठवडे वाया गेले नाहीत, कारण अशी जोडी घरी आणण्याचा प्रश्न केवळ दयाबुद्धीचा नाही. त्यात दोन म्हाताऱ्या जनावरांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, तसाच घरातल्या माणसांच्या तब्येतीचाही.

आधी ‘जोडी’ म्हणजे काय ते पाहू. एका घरात, एका पिंजऱ्यात राहिलेली दोन कुत्री म्हणजे जोडी नव्हे. कित्येकदा त्यांतले एक दुसऱ्याला दाबून ठेवत असते. त्याची वाटी चाटून पुसून खाते, माणसाजवळ येऊ देत नाही, झोपायची जागा बळकावते. अशा दोघांना वेगळे करणे हा दुसऱ्यावर उपकारच असतो. आणि थोडे कटू वाटेल, पण दोन पिंजरे एकदम रिकामे व्हावेत म्हणूनही कधीकधी ‘जोडी’चे लेबल लागते. म्हणून घेणाऱ्याने दोघांना खाताना पाहावे, झोपताना पाहावे आणि अर्धा तास एकमेकांपासून दूर ठेवून पाहावे. खरी जोडी असेल तर एकमेकांच्या अंगाला लागून झोप लागते, खाण्यावरून गुरगुर होत नाही आणि वेगळे केल्यावर दोघांपैकी एक तरी शोधाशोध करते. मोतीच्या बाबतीत तर चंपा हेच त्याचे डोळे होते. तिथे शंकेला जागा नव्हती.

पण जोडी एकत्र आणली म्हणजे ती दोघे एकमेकांना सांभाळून घेतील, आपल्याला फारसे पाहावे लागणार नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, आणि हे दाखवणारा एक जुना, फारसा कोणाला ठाऊक नसलेला प्रयोग आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील संशोधकांनी सात ते नऊ वर्षे वयाच्या कुत्र्यांच्या जोड्या घेतल्या. ही कुत्री अगदी लहान पिले असल्यापासून एकत्र राहिलेली होती. जोडीतल्या एकाला चार तासांसाठी दूर नेले आणि उरलेल्याला त्याच्या नेहमीच्या जागेत ठेवले. सर्वांना वाटत होते त्याच्या उलट घडले. ताणाच्या संप्रेरकात, म्हणजे कॉर्टिसॉलच्या वर्गातल्या द्रव्यांत, विशेष वाढ झाली नाही. मग कुत्र्यांना अनोळखी खोलीत ठेवले. आता ताण चांगलाच वाढला आणि जोडीदार सोबत असला तरीही वाढला. तो कमी राहिला एकाच परिस्थितीत : रोज देखभाल करणारा माणूस त्या खोलीत बसलेला असताना.

प्रयोग लहान होता आणि प्रयोगशाळेत वाढलेल्या, डोळस कुत्र्यांवर होता, हे खरे. मोतीसारख्या आंधळ्या कुत्र्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी एक व्यावहारिक गोष्ट त्यातून हाती लागते. जोडी फोडू नये हे बरोबर, पण नव्या घरात पहिल्या दिवसांत जोडीदार पुरत नाही. माणूस लागतो. त्याने लाड करायला हवेत असे नाही, फक्त तिथे असायला हवे. बाईंनी पहिले बारा दिवस हॉलमध्ये पलंग टाकून झोपायचे ठरवले ते पशुवैद्यांच्या याच सांगण्यावरून.

आता वयाबद्दल. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशोब सगळ्यांनाच पाठ असतो. तो सोयीचा आहे, बरोबर नाही. कुत्रे पहिल्या वर्षात झपाट्याने प्रौढ होते आणि मग वय वाढण्याचा वेग मंदावतो. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार साचत जाणाऱ्या रासायनिक खुणा तपासून एक सूत्र मांडले. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला १६ ने गुणायचे आणि ३१ मिळवायचे. बँकेत आयुष्य गेलेल्या यजमानांनी कॅल्क्युलेटर काढून हे करून पाहिले. नऊ वर्षांची चंपा आली ६६ वर आणि अकरा वर्षांचा मोती ६९ वर. सूत्र लॅब्रॅडॉरवर बेतलेले आहे, लहान जातीची कुत्री जास्त जगतात, त्यामुळे या आकड्यांवर फार विसंबू नये. पण घरात त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसू फुटले, आणि निर्णय बहुधा तेव्हाच झाला.

वयस्क कुत्रे घेताना पहिली तपासणी घरी आणण्याआधी व्हावी. नंतर नको. केंद्राचे डॉक्टर तपासतातच, तरी आपल्या पशुवैद्यांना एकदा दाखवावे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. मुंबईकरांना परळचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ ठाऊकच आहे. रक्त, लघवी, दात, डोळे, हृदयाचे ठोके आणि सांधे एवढे तरी पाहायला हवे. माणसाच्या साठीतल्या तपासणीपेक्षा ही यादी फार वेगळी नाही.

डोळ्यांबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सहा-सात वर्षांनंतर बहुतेक कुत्र्यांच्या बाहुलीत निळसर-राखाडी झाक दिसू लागते आणि लोक ‘मोतीबिंदू झाला’ म्हणून त्या कुत्र्याला नाकारतात. बऱ्याचदा तो मोतीबिंदू नसतोच. वयानुसार डोळ्याच्या भिंगाचा गाभा घट्ट होतो. चाळिशीत माणसाला चष्मा लागतो त्यामागे हेच भिंग असते. या झाकेने कुत्र्याच्या दृष्टीला विशेष बाधा येत नाही. चंपाच्या डोळ्यांत तीच झाक होती. मोतीचा मात्र दोन्ही डोळ्यांचा पिकलेला मोतीबिंदू होता. कुत्र्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, पण त्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. मूत्रपिंडे थकलेली असताना पूर्ण भूल देण्याची जोखीम पशुवैद्यांना योग्य वाटली नाही. ज्या कुत्र्याला आपल्या घराचा नकाशा पाठ आहे आणि सोबत चंपा आहे, त्याला त्या शस्त्रक्रियेने फार काही मिळणार नव्हते. घरात फर्निचर हलवायचे नाही, एवढे एकच पथ्य सांगितले गेले.

कुत्री मादी असेल तर नसबंदी झाली आहे का, हे विचारावे. नसबंदी न झालेल्या मोठ्या वयाच्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा आजार होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. भरपूर पाणी पिणे, मलूल होणे, अन्न टाकणे ही त्याची लक्षणे. स्तनांच्या गाठीही अशा माद्यांत अधिक. चंपाच्या कानाच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होती. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडताना ओळखीसाठी अशी खाच करतात. म्हणजे चंपा कधीकाळी रस्त्यावर होती आणि त्या गृहस्थांनी तिला घरात घेतले होते. कानाची खाच नसबंदीची खात्री देते, लसीची मुदत मात्र सांगत नाही. लस केव्हाची ते माहीत नसेल तर झालीच नाही असे समजून पुन्हा द्यावी.

रेबीजबद्दल थोडे सविस्तर बोलायलाच हवे. भारताने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा माणसांतला रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर केला. तो प्रत्यक्षात येण्यासाठी शासनाने करायचे पुष्कळ आहे. पण अपघात विभागात रोज दिसते ते हे, की लोक आजही जखमेवर चुना, हळद किंवा तिखट भरून येतात. घरचा कुत्रा, ओळखीचा कुत्रा, ‘नुसता दात लागला’ या कारणांनी उशीर करतात. जनावरांना हलवताना, आंघोळ घालताना, औषध देताना गरीब कुत्रेही चावते, विशेषतः आंधळे कुत्रे दचकून. दात किंवा नख लागून कातडी फाटली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा. मग जंतुनाशक लावून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. शासकीय रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. पूर्वीच्या पिढीला आठवतात ती पोटातली चौदा इंजेक्शने २००४ मध्येच बंद झाली. आता त्वचेत दिली जाणारी लस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी घ्यायची असते. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत अँटिबॉडीचे इंजेक्शनही द्यावे लागते, कारण लसीचा परिणाम दिसायला दिवस लागतात आणि विषाणू तेवढा वेळ थांबत नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवून ते ठणठणीत राहिले तर पुढच्या डोसांत काय बदल करायचा ते डॉक्टर ठरवतील. ते आपण घरी ठरवू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या आजारावर उपाय नाही.

रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. त्यांच्या साध्या ओरखड्यातूनही रक्त बराच वेळ वाहते. स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्ये मध्ये उचलून पाहू नये. आणि कुत्र्याची नखे वाढू देऊ नयेत. पावसाळ्यात गच्चीवर, घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यांची नखे झिजत नाहीत, ती कापावीच लागतात. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, केमोथेरपी चालू आहे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्यांनी कुत्र्याला जखम चाटू देणे तर सोडाच, पण कुत्रे घ्यायचे की नाही हेही आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमा कुत्री प्रेमाने चाटतात आणि पायात संवेदना नसल्याने झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही.

गोचिडीकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातल्या भिंतींच्या फटींतही राहते आणि वाढते. तिच्यामुळे कुत्र्याला एर्लिकिया नावाच्या जिवाणूचा ताप येतो, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, कधी नाकातून रक्त येते. जुना आजार महिनोन्‌महिने दबून राहतो आणि कुत्रे नुसते ‘म्हातारे झाले’ असे वाटते. निवारा केंद्रातून आलेल्या प्रत्येक वयस्क कुत्र्याची ही तपासणी करून घ्यावी. माणसालाही याच गोचिडीमुळे रिकेट्सियाचा ताप येऊ शकतो. चार-पाच दिवस उतरत नसलेला ताप आणि तळहात-तळपायांवरही पुरळ, असे असेल तर ‘घरात कुत्रे आहे’ हे वाक्य डॉक्टरांना न विसरता सांगावे. औषध साधे आणि स्वस्त आहे, फक्त ते सुचायला हवे. लेप्टोस्पायरोसिसचे नाव २००५ च्या जुलैमधल्या पुरानंतर मुंबईत घरोघरी झाले. तो उंदरांप्रमाणे कुत्र्यांच्या लघवीतूनही पसरू शकतो. कुत्र्यांना त्याची लस दरवर्षी द्यावी आणि घरात झालेली लघवी हातमोजे घालून पुसावी.

आणि पडणे. कुत्रे पाळल्याने चालणे वाढते, हृदय चांगले राहते, हे सगळे वाचायला मिळते आणि त्यात तथ्य आहे. स्वीडनमध्ये ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांच्या नोंदी बारा वर्षे पाहिल्या, तेव्हा एकटे राहणाऱ्यांपैकी कुत्रे असलेल्यांत मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र जो मुळात धडधाकट असतो तोच कुत्रे आणतो, ही शक्यता अशा अभ्यासातून पूर्ण वगळता येत नाही. म्हणून ‘तब्येतीसाठी कुत्रे घ्या’ असा सल्ला देताना हात आखडता घेतलेला बरा. दुसरी बाजू कमी सांगितली जाते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांत कुत्र्याला दोरीने फिरवताना झालेली हाडमोड २००४ मध्ये सुमारे १,६७१ होती, ती २०१७ मध्ये ४,३९६ पर्यंत गेली. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण मोठे होते. आपल्या पदपथांची अवस्था पाहता आपण त्या आकड्यांना हसू नये.

जोडी असेल तर दोन्ही दोऱ्या एका हातात कधीही घेऊ नयेत, मनगटाला गुंडाळून तर नाहीच. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मानेलाही तो बरा. या घरात सकाळी यजमान चंपाला घेत आणि बाई मोतीला, पण दोघे इतके जवळून चालत की पाहणाऱ्याला एकच मिरवणूक वाटे. पावसात निसरड्या दिवशी फिरणे रद्द, सोसायटीच्या पार्किंगमध्येच दोन फेऱ्या. म्हाताऱ्या कुत्र्यांची त्याला तक्रार नसते, आणि वयस्क माणसांनी वयस्क कुत्री घ्यावीत याचे हे एक खरे कारण आहे. पिलू पाळायचे म्हणजे दिवसभर मागे धावणे. शिवाय ते पंधरा वर्षे जगणार आणि आपण?

हा शेवटचा प्रश्न केंद्राच्या अर्जातच होता. ‘आपल्या अनुपस्थितीत जबाबदारी कोणाची’ असा रकाना आणि खाली त्या व्यक्तीची सही. यजमानांना तो जरा बोचला. मुलगा परदेशात. फोनवर तो म्हणाला होता, “बाबा, या वयात दोन? तुम्हाला काही झालं तर?” मुलाचे चुकले नव्हते. मोती-चंपाही याच कारणाने केंद्रात पोहोचले होते, पहिल्या मालकाने हा रकाना कधी भरला नव्हता म्हणून. शेवटी चिंचवडच्या भाचीने सही केली. केंद्राने तिला फोन करून खात्री केली, आणि ते योग्यच केले.

खर्च दुप्पट होतो हे सांगायला नको. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मोठ्या कुत्र्याचे औषध महाग पडते. दोघांची वर्षाची तपासणी एका महिन्यात न ठेवता विभागून घ्यावी.

खाण्याच्या बाबतीत या घराला एक अडचण आली. मोतीला मूत्रपिंडाचा आहार, प्रथिने मोजून. चंपाला तो आहार पुरणारा नाही. आणि दोघांना एका ताटात खायची सवय. उपाय साधा होता, पण आठवडा गेला : वाट्या दोन कोपऱ्यांत, मध्ये खुर्ची आणि खुर्चीवर बाई. चहाच्या वेळी बिस्किटे वाटण्याचा रिवाज बंद झाला. काही गोष्टी मात्र कुत्र्याच्या तोंडी अजिबात जाऊ नयेत. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तेव्हा नैवेद्याच्या शिऱ्यातले बेदाणेही नकोत. कांदा, चॉकलेट वर्ज्य. मधुमेही घरांत असणाऱ्या काही ‘शुगर फ्री’ गोळ्या-च्युइंगगममध्ये झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा मिनिटांत कोसळते. आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला आपल्या गुडघ्याची गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी असतात. ‘अर्धीच दिली’ असे सांगत लोक पशुवैद्यांकडे येतात, तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आणल्यावर काही महिन्यांनी मोती रात्री उठून भुंकू लागला. कोपऱ्यात तोंड घालून उभा राही. शेजाऱ्यांची तक्रार आली. कुत्र्यांनाही वृद्धापकाळी स्मृतिभ्रंशासारखा आजार होतो आणि त्यांच्या मेंदूत अल्झायमरसारखेच अमायलॉइड साठते. कॅलिफोर्नियातल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत दिशाभान, झोप, ओळख यांपैकी एखादी तरी गोष्ट बिघडलेली आढळली. मात्र रात्रीच्या प्रत्येक भुंकण्याला हे नाव देण्याआधी दुखणे, लघवीची घाई, वाढलेला रक्तदाब हे पाहावे लागते. मोतीला तहान आणि लघवी यांनी जाग येत होती. रात्री अकराला आणि पहाटे चारला एकदा गच्चीत नेले की तो झोपे. चारचा गजर यजमानांनी आपणहून घेतला. त्यांना तशीही त्या वेळी जाग असे.

चौदा महिने मोती या घरात राहिला. शेवटच्या आठवड्यात त्याने खाणे सोडले, सलाइन घरीच दिले गेले आणि पशुवैद्यांशी बोलून त्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय दोघांनी घेतला. जोडी आणताना हा दिवस येणार हे ठरलेलेच असते. दोघे एका दिवशी जात नाहीत.

मागे राहिलेल्या कुत्र्याचे काय होते, यावर इटलीत ४२६ कुत्रेमालकांची पाहणी झाली. ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. जोडीदार गेल्यावर ८६ टक्के मालकांना उरलेल्या कुत्र्यात बदल दिसला : माणसाला चिकटणे वाढले, खेळणे कमी झाले, झोप वाढली, भीती वाढली, सुमारे तिसऱ्या हिश्श्यात खाणे घटले. अनेकांत हे दोन ते सहा महिने चालले. किती वर्षे एकत्र होते याने फरक पडला नाही. नाते कसे होते, खाणे वाटून खात होते का, आणि मालक स्वतः किती दुःखी होता, याने पडला. मालकांच्या सांगण्यावर बेतलेला अभ्यास आहे. आपले दुःख आपण कुत्र्याच्या डोळ्यांत वाचतो हेही शक्य आहे. पण माणसांबाबतचा जुना पुरावा विसरता येत नाही. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत अपेक्षेपेक्षा ४० टक्के अधिक मृत्यू आढळले होते. जोडीदार जाण्याचा शरीरावर परिणाम होतो, हे वैद्यकाला नवीन नाही.

चंपाने चार दिवस तोंडात काही घातले नाही. पशुवैद्यांनी रक्त तपासले, कारण म्हातारे कुत्रे जेवत नसेल तर ‘दुःखाने’ असे ठरवून मोकळे होता येत नाही. रिपोर्ट चांगले आले. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा बदलू नका, घरात माणूस राहू द्या, नवे कुत्रे लगेच आणू नका, एवढेच त्यांनी सांगितले. पाचव्या दिवशी यजमान तिच्या वाटीशेजारी जमिनीवर बसले आणि वर्तमानपत्र वाचत राहिले. अर्ध्या तासाने तिने थोडा भात आणि चिकन खाल्ले. उठताना यजमानांना बाईंचा हात लागला. महिनाभरात तिचे दीड किलो घटले होते, त्यातले एक किलो पुढच्या दोन महिन्यांत भरून आले.

फिरायला निघाल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी ती अजून थांबते, मोतीसाठी थांबायची तशी. तेवढ्या वेळात यजमान कठडा धरतात, मग दोघे खाली उतरतात.